कंपनीतला पाव्हणा

न्हावरे गावाच्या वरच्या अंगाला, कालव्याच्या चारीच्या कडेला पुतळाबाईचं घर. पुढं अंगण, अंगणात कडुलिंब, बाजूला दोन गाईंचा गोठा आणि गोठ्याच्या पाठीला लागूनच शेजारच्या गेणबाचा ऊस. ऊस यंदा माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि कारखान्याची तोडणीची टोळी काही केल्या येत नव्हती. त्या उसात बिबट्या राहत होता, हे आता सगळ्यांनाच माहीत होतं. दिवाळीच्या पुढंमागं त्यानं पुतळाबाईचं कुत्रं नेलं. कुत्रं लिंबाला साखळीनं बांधलेलं होतं. सकाळी साखळी जागेवर होती, तुटका पट्टा तिला लोंबत होता आणि मातीवर ओढल्याची एक रेघ उसापर्यंत गेली होती. पुतळाबाईनं ती रेघ खराट्यानं झाडून काढली, साखळी गोठ्याच्या पत्र्यावर फेकून दिली आणि घरात सांगितलं, की या अंगणात आता कुत्रं नको.

पण कुत्र्यावाचून भागत नव्हतं. दिवस कलला की गुरं आत, पोर आत, दाराला कडी. पाण्याच्या मोटारीला लागणारी थ्री फेजची लाईट यायची भल्या पहाटे. मग सून, सुलक्षणा, एकटी कांद्याला दारं धरायला निघायची. कंबरेला मोबाईल खोचून मोठ्यानं गाणी लावायची, हातातलं खोरं दगडावर आपटत चालायची. गार पाण्यात पाय बधिर व्हायचे, पण तिचं लक्ष पायांकडं नसायचं. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्याला लावायला ती वाकली, की पाठीमागचा ऊस वाऱ्यानं सळसळायचा आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे. हे ती कुणाला बोलली नव्हती.

तिचा नवरा सत्यजीत रांजणगावला एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होता. पॅकिंगला. अधूनमधून त्याला ब्रेक देऊन घरी बसवायचे, मग पुन्हा बोलावणं यायचं. त्या कंपनीच्या मागच्या गेटला एक कुत्रं बांधलेलं असे. अल्सेशियन आणि गावठी अशी मिसळ, थोराड, तोंडाचे केस आता पांढरे व्हायला लागलेले. सत्यजीत कामाला लागला त्याच्या आधीपासून ते तिथं होतं. सिक्युरिटीवाले त्याला टायगर म्हणायचे. डिसेंबरच्या शेवटी कंपनीत नवीन सिक्युरिटी आली, भिंतीवर कॅमेरे बसले. सुपरवायझरनं शिफ्ट सुटताना सगळ्यांसमोर विचारलं, की हे कुत्रं कुणी नेतंय का, न्हाईतर हायवेला सोडून येऊ. सत्यजीतचा हात शाळेतल्या पोरासारखा वर गेला. मागून कुणीतरी म्हणालं, की लोक परमनंट होऊन घरी जातात, हा कुत्रं घेऊन चाललाय. सगळे हसले. तोही हसला.

त्यानं हात का वर केला, हे सुलक्षणानं नंतर विचारलं. "डबा खाताना रोज समोर असायचं," एवढंच म्हणाला.

कुत्रं पिकअपमधून आलं. तोंडाला फडकं बांधलेलं, पाय गोणपाटात गुंडाळलेले. दोघांनी उचलून ते लिंबाखाली ठेवलं आणि सत्यजीत त्याच्याच साखळीनं त्याला बुंध्याला बांधायला लागला. पुतळाबाई शेणाचे हात घेऊन गोठ्यातून बाहेर आली. लेकाला म्हणाली, "सत्या, वाघाला ताट वाढून ठिवतो व्हय रं?"

सत्यजीत म्हणाला, की सोडलं तर पळून जाईल, नवीन जागा हाय.

"जाऊ दे. गेलं तर जिवंत जाईल. माझ्या दारात साखळी नगं."

ती स्वतः वाकली. त्याच्या मानेवरची कडी तिनं काढली, तोंडाचं फडकं सोडलं, पायांचं गोणपाट काढलं आणि ती साखळीही पत्र्यावर फेकली. सगळे चार पावलं मागं सरले. आठ वर्षांची अक्षदा सुलक्षणाच्या पदराआड गेली. आता हे एक तर अंगावर येणार, नाही तर रस्त्यानं सुसाट सुटणार, असं सगळ्यांना वाटलं.

कुत्रं उठलं. अंग झटकलं. लिंबाकडं एकदा बघितलं आणि चालायला लागलं. लिंबाभोवती, डाव्या अंगानं, एक फेरी. मग दुसरी. मग तिसरी. साखळी जेवढी लांब होती, बरोब्बर तेवढ्याच अंतरावरून. मान जराशी बुंध्याकडं ओढलेली, जणू काही तिथं अजून कडी आहे. कडेला आलं की पाय आपोआप वळायचा. पुढं मोकळं अंगण होतं, उघडं फाटक होतं, रस्ता होता. त्यानं तिकडं बघितलं, पण पाऊल टाकलं नाही.

पुतळाबाई बराच वेळ बघत उभी राहिली. हातावरचं शेण वाळून गेलं.

"ह्याच्या डोक्यात बांधलंय ह्याला," ती सुनेला म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

टायगर हे नाव तिनं घेतलं नाही. गावात बिबट्याला वाघच म्हणतात, आणि दारात उभं राहून वाघाच्या नावानं हाका मारायच्या का, असं तिचं म्हणणं. ती त्याला पाव्हणा म्हणायची. आज हाय, उद्या जाईल, म्हणून पाव्हणा. अक्षदानं तेच उचललं.

पाव्हणा जेवेना. सुलक्षणानं दूधभाकरीचं ताट पुढं ठेवलं. त्यानं वास घेतला, लाळ गळाली, पण तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. कावळ्यांनी ताट उलथं केलं आणि तो बघत बसला. त्याच्या बरगड्या वरखाली व्हायला लागल्या. सत्यजीत शिफ्ट करून आला तेव्हा त्याला आठवलं, की गेटवरचा बिहारी गार्ड ताट ठेवून "खा ले" म्हणायचा, मगच हे खायचं. सुलक्षणानं ते दोन शब्द म्हणून बघितले. तिलाच ओशाळल्यासारखं झालं. आपल्याच अंगणात, कुत्र्याशी हिंदी. पण तिचा शब्द संपायच्या आत ताट रिकामं झालं होतं. भुकेनं मरायला टेकलेला जीव दोन शब्दांसाठी थांबला होता. सुलक्षणाला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

गावातली माणसं येऊन बघून जायची. लिंबाभोवती आता पायवाट पडली होती, गुळाच्या गुऱ्हाळात बैल फिरतो तशी. गेणबा कट्ट्यावर बसून तंबाखू मळत म्हणाला, "वैनी, तुमच्या लेकानं राखणीला कुत्रं आनलं का घाण्याला?" पुतळाबाईनं त्याला चहा दिला. पण तो गेल्यावर तिनं भांडी जरा जोरात घासली.

एका रविवारी सत्यजीतनं पाव्हण्याला ओढून आत आणायचं ठरवलं. रात्री बाहेर राहिला तर हाही जाणार, हे सरळ दिसत होतं. त्यानं दोन्ही हातांनी मानगूट धरली आणि रेटलं. पायवाटेच्या कडेला आल्यावर पाव्हणा आडवा पडला. चारी पाय ताठ, डोळे पांढरे. तो चावला नाही, गुरगुरला नाही. जागेवर मुतला. आणि पोटातून असा एक बारीक आवाज काढला, की अक्षदा रडायला लागली. सत्यजीतनं हात सोडले. त्याच्या पँटीवर ओल आली होती. तो हौदावर जाऊन पाय धूत बसला, खूप वेळ धूत बसला.

मग जानेवारीत टोळी आली आणि गेणबाच्या उसाला कोयता लागला. एका कडेनं ऊस आडवा होत चालला तसा बिबट्याला राहायला उरलेला तुकडा लहान लहान होत गेला. शेवटी गोठ्यामागची पट्टीच तेवढी उभी राहिली.

त्या दिवसांतल्या एका सकाळी सुलक्षणा धारा काढायला उठली तर गाई दावणीला अंग चोरून उभ्या. दूध उतरेना. ती अंगणात आली. आदल्या दिवशी तिनं अंगणात पाणी मारलं होतं, माती मऊ होती. गोठ्याच्या कोपऱ्यापासून ठसे आले होते. वाटीएवढे, गोल, नखांची खूण नसलेले. ते सरळ लिंबाकडं गेले होते आणि पाव्हण्याच्या पायवाटेच्या कडेशी थांबले होते.

पाव्हणा बुंध्याशी बसलेला होता. जिवंत. कान उसाकडं.

फॉरेस्टचा गार्ड मोटारसायकलवर आला. तरुण पोरगा होता, बोलायचा कमी. तो ठशांच्या कडेकडेनं वाकून चालला, एका जागी उकिडवा बसला आणि काडीनं मातीवरची एक मोठी, सपाट खूण दाखवली. म्हणाला, की ते इथं बसलं होतं. नुसतं येऊन गेलं नाही, बसलं होतं. बराच वेळ. शेपटीची रेघ बघा.

सगळ्यांनी बघितलं. बिबट्याची बसण्याची जागा आणि पाव्हण्याची बसण्याची जागा यांच्यामध्ये एक म्हैस आडवी उभी राहील एवढंच अंतर होतं. दोघं समोरासमोर बसले होते. एकाला कुणी बांधलेलं नव्हतं आणि तो पळाला नव्हता. दुसरा उपाशी होता आणि त्यानं झेप घेतली नव्हती. मग तो उठून आल्या वाटेनं परत गेला होता.

"का नाही नेलं?" सुलक्षणानं विचारलं.

गार्ड म्हणाला, की माहीत नाही. कुत्रं पळालं असतं तर नेलं असतं कदाचित. पण तेही खरं नसेल. नोकरीत हे मी पहिल्यांदा बघतोय. उठताना त्यानं पाव्हण्याकडं एकदा नीट बघितलं आणि सांगितलं, की आज मात्र आत घ्या. दुसऱ्यांदा बिबट्या असाच परत जाईल असं धरून चालू नका.

पुतळाबाई त्या दिवशी अंगण झाडायला गेली तेव्हा ठशांपाशी खराटा थांबला. तेवढी जागा सोडून तिनं बाकीचं झाडलं.

सत्यजीत सेकंड शिफ्टला गेलेला. ऊन उतरायला लागलं तशी सुलक्षणा पाव्हण्याला आत घ्यायला अंगणात आली. तिनं भाकरी दाखवली, दूध दाखवलं, अक्षदानं लांबून हाका मारल्या. पाव्हणा कडेपर्यंत यायचा आणि वळायचा. शेवटी सुलक्षणानं शिडी लावली, पत्र्यावर चढली आणि पाव्हण्याची साखळी खाली काढली. ती पुतळाबाईच्या पुढं जाऊन उभी राहिली. साखळी पदराखाली लपवली नाही.

"आत्या, गेटवरचे लोक त्याला रातच्याला कंपनीभवती फिरवायचे म्हणत होते हे. साखळी हातात धरून. बांधून न्हाई, हातात धरून."

पुतळाबाई चुलीपुढं पीठ मळत होती. तिनं साखळीकडं बघितलं. मग मान हलवली, हो किंवा नाही असं काही न कळणारी.

सुलक्षणानं कडी अडकवली. कडीचा खटका ऐकला मात्र, पाव्हणा उठून उभा राहिला. तिच्या डाव्या पायाला खांदा लावून, मान सरळ, ड्युटीवर निघाल्यासारखा. ती एक पाऊल पुढं गेली. तोही गेला. पायवाटेची कड आली आणि मागं पडली. ज्या रेषेवर तो पडून मुतला होता, ती त्यानं खाली न बघता ओलांडली. एवढा मोठा जीव, आणि साखळीला ताण म्हणून नव्हता. साखळी त्या दोघांत नुसती सैल लोंबत होती.

तो दारापर्यंत आला आणि थांबला. उंबरा त्याला माहीत नव्हता. कंपनीत त्याला कधी कुठल्या दाराच्या आत घेतलं नव्हतं. पुतळाबाईच्या घरातही आजवर कुत्र्यानं उंबरा ओलांडला नव्हता, ते बाहेरचं जनावर. सुलक्षणा तशीच थांबली. ओढायचं नाही, एवढं तिला कळत होतं. उसाच्या शेंड्यावरचं ऊन निघून चाललं होतं.

पुतळाबाई उठली. पिठाचे हात तसेच. तिनं तांब्या भरून घेतला, टोपल्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि दारात आली. बाजारातून नवीन गाय आणली की करतात तसं तिनं पाव्हण्याच्या पुढच्या दोन्ही पायांवर पाणी ओतलं. तुकडा त्याच्या तोंडावरून ओवाळला आणि लांब उसाकडं भिरकावला. मग बाजूला झाली.

"ये बाबा," म्हणाली.

पाव्हण्यानं ओला पाय उचलला, हवेत धरला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. शहाबादी फरशीवर त्याच्या पायाचा ठसा उमटला. मग दुसरा. पुतळाबाई त्या ठशांकडं बघत राहिली, सकाळी अंगणातल्या ठशांकडं बघितलं होतं तशीच.

त्या रात्रीपासून तो आत झोपायला लागला, कणगीच्या आडोशाला. पण साखळी पुतळाबाईच्या डोळ्यांत खुपत होती. तिचं माहेर बैल राखणाऱ्यांचं. ती म्हणाली, की ही आजची आज ठीक, उद्यापासून हलकं काहीतरी बघू. दुसऱ्या दिवशी साखळीच्या जागी गाईचा जुना कासरा आला. कासऱ्यालाही पाव्हणा तसाच उठला. आठवडाभरानं सुलक्षणानं जुन्या साडीचा काठ फाडून त्याची दोरी केली. मग तीही गेली आणि गोणी शिवायची सुतळी आली. सुतळी एवढी किडकी, की अक्षदानं बोटानं ओढली असती तरी तुटली असती. पाव्हणा तिला मान देऊन चालायचा.

खुरपणीला सावडीच्या, आळीपाळीनं एकमेकींच्या रानात राबणाऱ्या बाया यायच्या, त्या हसायच्या. हत्तीला धाग्यानं बांधलाय म्हणायच्या. सुलक्षणाला आधी कानकोंडं व्हायचं. पण पहाटे दारं धरताना आता पाव्हणा सोबत असायचा, बांधावर बसलेला, आणि तिच्या लक्षात आलं होतं, की गेले कित्येक दिवस आपण मोबाईलवर गाणी लावलेली नाहीत. पाण्याचा वाफ्यात शिरतानाचा आवाज तिला पुन्हा ऐकू यायला लागला होता.

एकदा वाटेत सुतळी बोराटीला अडकून तुटली. सुलक्षणाला कळलं, त्याला कळलं नाही. तिनं मूठ तशीच धरली आणि चालत राहिली. मुठीत काही नव्हतं. घरापर्यंत तो त्या रिकाम्या मुठीबरोबर आला. संध्याकाळी तिनं हे चुलीपुढं सासूला सांगितलं. गंमत वाटावी अशी ती गोष्ट नव्हती.

कारण पाव्हणा सुटला नव्हता. आधी तो लिंबाला बांधलेला होता, आता सुलक्षणाच्या मुठीला. ती जिथं हात खाली सोडून कामाला लागेल तिथं तो बसायचा आणि उठायचा नाही. सावली सरकून जायची, ऊन त्याच्या पाठीवर यायचं, जीभ लोंबायची. दोन हातांवर सावली असायची, पण तो हलायचा नाही. मग पुतळाबाई कमरेवर हात देत उठायची, त्याच्याजवळ मूठ धरायची आणि त्याला सावलीत नेऊन बसवायची. दिवसातून किती खेपा. तिचे गुडघे दुखायचे, ती करवादायची, त्याला आळशी म्हणायची, कामचुकार म्हणायची. पण दुसऱ्या कुणाला ती ते काम करू द्यायची नाही. गेणबा एकदा म्हणाला, की वैनी, ह्या वयात कुत्र्याला फिरवायची नोकरी लागली तुम्हाला. ती म्हणाली, "परमनंट हाय."

त्याला मराठी कळायला लागली. "जेव" म्हटलं की जेवायचा. मानेवर पट्ट्यानं घासून काळी पडलेली कातडी होती, तिथं सुलक्षणा करंजाचं तेल लावायची. तिथं बारीक लव फुटली. अक्षदा त्याच्या पोटाला टेकून गृहपाठ करायची आणि तो तिचं पान उलटेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. पण कुठं जायचं, कधी उठायचं, हे त्याचं त्यानं एकदाही ठरवलं नाही.

मार्चच्या अखेरीला कांदा काढायला आला. पातीच्या माना पडल्या होत्या. गेणबाचा ऊस जाऊन पाचट जाळून रान मोकळं झालं होतं. गोठ्याच्या मागं जिथं हिरवी भिंत होती, तिथून आता थेट लांबच्या बाभळींपर्यंत दिसायचं. बिबट्या कुठं दुसऱ्या उसाला निघून गेला होता. सावडीच्या बाया डोक्याला टॉवेल गुंडाळून ओळीनं बसल्या होत्या, पात कापत होत्या. विळ्यांचा खसखस आवाज, कांद्याचा डोळ्यांना झोंबणारा वास, उन्हानं तापलेली माती. पुतळाबाई ढिगापाशी बसून लहानमोठा कांदा निवडत होती. पाव्हणा बांधावर होता, सुलक्षणानं बसवला होता तिथं.

तो उठला.

कशानं उठला, ते कुणालाच सांगता आलं नाही. कुणी हाक मारली नव्हती, पाखरू उडालं नव्हतं. सुलक्षणाचे दोन्ही हात कांद्यात होते. तिला फक्त कडेनं काहीतरी हललेलं जाणवलं. पाव्हणा उभा राहून समोरच्या रानाकडं बघत होता. नाक वर, कान पुढं. त्यानं एकदा सुलक्षणाच्या हाताकडं बघितलं. हात लांब होता. मग त्यानं एक पाय बांधाखाली टाकला. मग दुसरा. काही पावलं तो चालला, अडखळत, माती पायाखालून सरकते की काय असं बघत.

आणि तो पळाला.

तसं पळताना त्यांनी त्याला कधीच बघितलं नव्हतं. त्याला पळता येतं, हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. आधी त्याचे मागचे पाय पुढच्यांना अडले, तो कोलमडला, नाकावर आपटला, उठला, आणि मग त्याच्या अंगाला काहीतरी सापडलं. पाठ ताणली, वळली, पुन्हा ताणली. जळलेल्या पाचटाची काळी राख त्याच्या मागं धुरासारखी उठत गेली. तो सरळ गेला. सरी, बांध, पुन्हा सरी. बांधावरून तो नुसता उचलला जायचा. म्हातारं कुत्रं म्हणायचे सगळे त्याला. त्या रानात त्याचं वय कुठंतरी गळून पडलं होतं.

विळे थांबले. बाया एकेक करून उभ्या राहिल्या, कुणाच्या मुठीत पात तशीच. तो लहान होत गेला, बाभळींपाशी एक ठिपका झाला आणि दिसेनासा झाला.

सुलक्षणाच्या तोंडून हाक निघायला आली होती. पुतळाबाईनं तिचा दंड धरला.

"हाक मारू नगं," ती म्हणाली. "त्याचं त्याला बघू दे."

त्या उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर होतं. कुणालातरी खाली बसायचं सुचलं असतं तर बाकीच्याही बसल्या असत्या, पण कुणी बसलं नाही. रानावर राख हळूहळू खाली बसली. सुलक्षणाच्या मनात आलं, की गेला तर गेला. आत्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या तसा जिवंत गेला.

मग चारीच्या बाजूनं, ज्या बाजूला कुणी बघतच नव्हतं तिकडून, तो आला. ओलाचिंब, पोटाला चिखल, कानाला काटे. तो पळत आला नाही. चालत आला, मान खाली घालून नाही, इकडं तिकडं बघत, एका ठिकाणी थांबून काहीतरी हुंगत, बाजारातून घरी येणारा माणूस येतो तसा. तो सुलक्षणाच्या मुठीकडं गेला नाही. ढिगाच्या सावलीत गेला, जागा बघितली, गोल फिरला आणि पुतळाबाईच्या मांडीला पाठ लावून पडला.

म्हातारीनं त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला. तिचे डोळे एकदम मोठे झाले. तिनं सुनेला खुणेनं बोलावलं आणि तिचा हात धरून तिथं ठेवला. सुलक्षणाच्या हाताखाली ते काळीज असं उडत होतं, की तिच्या कोपरापर्यंत ठोके पोचत होते. दोघींचे हात तिथंच राहिले. सावडीतल्या दोघीतिघी जवळ आल्या, कांद्याच्या वासाचे हात लुगड्याला पुसून त्यांनीही हळूच टेकवून बघितलं.

सुलक्षणानं सत्यजीतला फोन लावला. तो जेवणाच्या सुट्टीत होता, मागं मशिनची घरघर.

"पाव्हणा पळाला," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, की जाऊ दे, तू रडू नको, त्याच्या नशिबात नव्हतं घर.

"पळून न्हाई गेला. पळाला."

"म्हंजी?"

"म्हंजी पळाला. आपला आपला. रानात." तिनं पाव्हण्याकडं बघितलं. "तुम्ही या, मग दाखवीन."

तो तिकडं हसला की काय केलं, तिला नीट कळलं नाही. फोन मात्र त्यानं बराच वेळ ठेवला नाही.

ऊन कलायला लागलं तशा बाया पुन्हा ओळीला बसल्या. कांदा आजच्या आज ढिगाला लागायला हवा होता. अक्षदा शाळेतून आली, दप्तर बांधावर टाकलं आणि तिला सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. एकीचं सांगणं दुसरीला पटेना. तेवढ्यात ढिगाच्या सावलीतून पाव्हणा उठला. त्यानं अंग झटकलं, चिखलाचे शिंतोडे पुतळाबाईच्या तोंडावर उडाले. तिनं पदरानं तोंड पुसलं. तो बांधावर जाऊन उभा राहिला, रानाकडं तोंड करून.

बायांनी विळे खाली ठेवले आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या.